मशीनमधून कुबट वास येतोय? आधी रबराची घडी उघडून बघा

पावसाळा लागला की आमच्या ठाण्याच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या, मिठाला पाणी सुटणार आणि धुतलेल्या टॉवेलला कुबट वास येणार. कितीतरी वर्षं मी पावसालाच दोष देत होते, ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, वास येणारच. मग एकदा मशीनमधून नुकताच काढलेला टॉवेल सहज नाकाला लावला तर वास तिथेच होता, दोरीवर जायच्या आधी! म्हणजे कपडे घरातल्याच मशीनमध्ये घाण होत होते.

तुमचं मशीन फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेलं असेल तर आत्ता उठून दार उघडा आणि ते करडं रबर असतं ना गोल, त्याची खालची घडी दोन बोटांनी पुढे ओढून आत बघा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आत चमचाभर पाणी साचलेलं, त्यात केसांचा गुंता, एक रुपयाचं नाणं, पिठासारखी साबणाची पांढरट साय, आणि रबरावर काळे ठिपके. बोट फिरवलं तर बुळबुळीत, विहिरीच्या पायरीवर असतं तसं. ती बुरशी आणि जीवाणूंचा थर, आणि पुढचे सगळे कपडे त्याच्याच शेजारी गोल फिरतात.

आता हे होतं का, तर त्यांना आपणच खायला घालतो. अंगाचं तेल, घाम, न विरघळलेली पावडर आणि सॉफ्टनर हे सगळं ड्रमच्या मागे, जिथे आपला हात पोचत नाही तिथे चिकटत जातं. आपण बहुतेक कपडे गार पाण्यात धुतो त्यामुळे ते वितळून जात नाही, आणि धुऊन झालं की दार घट्ट लावून टाकतो. ओल, अंधार, खाणं, अजून काय पाहिजे बुरशीला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पावडर. फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ हे आपल्या डोक्यात बादलीत कपडे धुवायच्या दिवसांपासून बसलंय. पण फ्रंट लोड मुळात कमी पाणी घेतं, एवढा साबण त्याला खळबळून काढताच येत नाही. तपासायचं असेल तर मशीन रिकामं ठेवून नुसतं गरम पाण्यावर लावा, साबण अजिबात टाकू नका, आणि काचेतून बघा, फेस दिसला तर तो जुना साचलेला साबण आहे. हातधुलाईची पावडर यात टाकायचीच नाही, कमी फेसाची मशीनची पावडर किंवा लिक्विड वापरा. आमच्याकडे मावशी मशीन लावतात म्हणून मी डब्यात एक छोटं माप ठेवलंय, त्याच्यावर मार्करने रेघ मारलीय, त्या रेघेच्या वर नाही. सॉफ्टनर टॉवेलसाठी तर बंदच करा, टॉवेलवर त्याचा थर बसतो आणि ते पाणी टिपत नाहीत.

महिन्यातून एकदा मशीन रिकामं लावा, टब क्लीन असेल तर तो प्रोग्राम, नसेल तर 60 अंश किंवा जास्त. बोअरचं जड पाणी असेल तर ड्रममध्ये साधारण 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूफूल टाकून, त्याने क्षारही निघतात. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाका असा मेसेज सगळीकडे फिरतो, त्यात फसफस छान होते पण दोघं एकमेकांचा असर मारून टाकतात, शेवटी उरतं ते जवळजवळ खारट पाणी. रबरावरचे काळे ठिपके घालवायला एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात, जुनं फडकं त्यात भिजवून घडीत पंधरा-वीस मिनिटं दाबून ठेवा, हातात ग्लोव्हज, खिडकी उघडी, आणि मग एक रिकामा रिन्स. आणि हे मी खरंच हात जोडून सांगते, ब्लीच आणि लिंबूफूल किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, एकाच दिवशी सुद्धा नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

खाली उजव्या नाहीतर डाव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागे फिल्टर. बऱ्याच घरांत मशीन घेतल्यापासून ते उघडलेलंच नसतं. मशीन बंद, प्लग काढलेला, आतलं पाणी गार झालेलं, समोर परात आणि पोतेरं, मग फिल्टर अगदी हळू हळू फिरवा कारण पाणी भसकन येतं. आमच्यातून काळा चिखल, दोन टिकल्या आणि पायमोज्याच्या दोऱ्यांचा गोळा निघाला होता, त्या चिखलाचा वास आणि टॉवेलचा वास एकच! पावडरचा ट्रे पण पूर्ण बाहेर निघतो, जुन्या टूथब्रशने घासा, ट्रे जिथे बसतो त्या खोबणीचं छत विसरू नका, तिथे बुरशी लटकलेली असते.

टॉप लोडवाल्यांनी, म्हणजे वरून झाकण असलेलं मशीन असेल त्यांनी, आतली जाळीची पिशवी दर वेळी उलटी करून धुवा आणि झाकण उघडं ठेवा, बाकी पावडरचं माप आणि महिन्यातून एकदा रिकामं लावणं तेच.

एवढं करूनही वास गटारासारखा येत असेल तर पाइप बघा. ड्राय बाल्कनीत पाइपचं टोक नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या खड्ड्याच्या, पाण्यात बुडेल इतकं आत खुपसलेलं असतं, ते वर काढून नीट अडकवा.

रोजचं म्हणाल तर कपडे झाल्या झाल्या काढायचे, रात्री लावून सकाळी नको. जुन्या बनियनच्या तुकड्याने घडी पुसायची, दार आणि ट्रे उघडे ठेवायचे. आमच्या सासूबाईंना उघडं दार बघवत नाही, येता जाता लावून टाकायच्या, म्हणून आता मी फटीत एक नॅपकिन अडकवते म्हणजे दार लागतच नाही आणि हवा खेळती राहते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर मात्र त्या खोलीचं दार बंद ठेवा, आणि मशीन लावायच्या आधी ड्रममध्ये हात घालून बघायचंच.

जुने ठिपके रबरात मुरलेले असतील तर ते पूर्ण जात नाहीत. वास गेला आणि बोटाला बुळबुळीत लागत नसेल तर चालेल, रबर फाटलं असेल तरच बदलून घ्या.