आराखडा कपाटात, म्हशी गोठ्यात: पूर नियोजनात या चुका टाळा

मे महिन्यात ग्रामसभा होते, पूर आराखड्यावर सह्या होतात, फोटो निघतो. जुलैत पाणी वाढलं की तो कागद कुणाला सापडत नाही. पंचगंगाकाठी दरवर्षी हेच.

पहिली चूक फुटांची. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे पोराटोरांना पाठ असतं. पण 43 ला आपल्या गावातली कुठली गल्ली बुडते? तिथे सगळे गप्प. पाणी ओढ्याच्या पुलाला, स्मशानभूमीला, शाळेच्या पायरीला लागलं की त्या वेळचा बंधाऱ्यावरचा आकडा वहीत लिहा. दोन पुरांत गावाचा तक्ता तयार होतो. 2019 आणि 2021 ला बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. ती खूण भिंतीवर असेल, तर गवंड्याच्या लेव्हल पाइपनं (पाणी भरलेली पारदर्शक नळी) ती घरोघरच्या उंबऱ्यापर्यंत न्या. नळीत बुडबुडा राहिला की माप चुकतं. दोन्ही तोंडांवरचे अंगठे काढल्याशिवाय वाचू नका. खूण ऑइलपेंटनं करा, चुन्याची पहिल्या पावसात जाते. अॅपवर नकाशा आहे म्हणून हे टाळणारे उत्साही तरुण भेटतात. नकाशाला तुमचा उंबरा दिसत नाही.

शिरोळकडच्या गावांनी सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा आकडाही बघावा (इशारा 40 फूट, धोका 45). नृसिंहवाडीला कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी मागे तुंबतं. वर पाऊस थांबला तरी गावातलं पाणी उतरत नाही, ते म्हणूनच.

दुसरी चूक जनावरांची, आणि बाकीचं सगळं हिच्यामुळेच बिघडतं. यादीत माणसं असतात, म्हशी नसतात. म्हैस गोठ्यात असेपर्यंत घरचा कर्ता माणूस हलत नाही, कितीही भोंगा वाजवा. हिशेब मांडा: साठ जनावरं, छोट्या टेम्पोत एका फेरीत दोन, म्हणजे तीस फेऱ्या. तीन टेम्पो आणि फेरीला तास धरला तर दहा तास, तेही रस्ता चालू असेल तर. म्हणून जनावरं इशारा पातळीलाच हलवायची, धोक्याची वाट बघायची नाही. मोठ्या जनावराला रोज पंधरा-वीस किलो ओला चारा आणि पन्नास-साठ लिटर पाणी लागतं. छावणीची जागा ठरवताना आधी बोअर बघा, मग मांडव. दावी जास्तीची ठेवा.

वेळेत न निघालेल्यांचं शेवटी काय होतं? सगळे एकाच नावेकडे धावतात. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावची बोट उलटली आणि माणसं बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. बोटीवर आकडा रंगवा, काठावर दोघं मोजायला उभे करा, जॅकेट नसेल त्याला चढवू नका. ‘एकच जास्त’ म्हणणाऱ्याला उतरवणारा माणूस मेमध्येच ठरवा. सरपंचाचा नातेवाईक नको, त्याला नाही म्हणता येत नाही.

बाकीच्या किरकोळ चुका:

जॅकवेलची (नदीतून गावाला पाणी उपसणारी विहीर) मोटर बुडाली की नळ बंद. टाक्या आदल्या दिवशीच भरा.

सभेला फक्त पुरुष बसतात. कुठल्या घरी बाळंतीण, कुठे अंथरुणावरचं माणूस, हे आशाताईंना विचारा.

‘धरण फुटलं’ हा मेसेज दरवर्षी येतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पातळी गाठली की आपोआप उघडतात, ते धरण फुटणं नव्हे. पुढे पाठवण्याआधी तालुक्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावा. तो नंबर भिंतीवर लिहा, मोबाइलची बॅटरी दुसऱ्या दिवशी संपलेली असते.