सुरी बनवणाऱ्यांनी "हो, जमलंय" म्हणावं यासाठी काय करायचं

इन्स्टावर लाइक पडले म्हणजे आपण कारागीर झालो असं मलापण वाटायचं. मग एकदा नागपूरच्या इतवारीत एका म्हाताऱ्या लोहारकाकांच्या हातात माझी सुरी दिली. त्यांनी धार बघितलीच नाही, पाठ वर करून डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "काऊन रे, हे डावीकडं गेली ना." आठ महिने मी तीच सुरी सगळ्यांना दाखवत फिरत होतो.

तर आधी हे समजून घ्या की जो स्वतः बनवतो तो बघतो कुठं. गिऱ्हाईक कागद कापून बघतं. कारागीर पाठीची रेष बघतो, मुठीजवळ घासाई जिथं संपते तिथं दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघतो, मूठ आणि पात्याच्या मधून उजेड येतो का बघतो. आणि ओरखडे! 120 नंबरच्या (जाड्या) पॉलिश पेपरच्या रेघा राहिल्या असतील तर वरून 600 चा बारीक मारून चकाकी येते, पण ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की सगळं उघडं पडतं, म्हणून पेपर बदलला की घासायची दिशा पण बदला, आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की मगच पुढचा नंबर.

आता मेन गोष्ट. एक पातं मुद्दाम तोडा. भंगारातल्या ट्रकच्या कमानपाट्याचं चालेल. लाल तापवून पाणी दिलं (आपण तेलातच बुडवतो, तरी म्हणायचं पाणीच) की टेंपर न करता, म्हणजे ठिसूळपणा घालवायला परत हलकं न तापवता, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरा, चष्मा घाला, पात्यावर जाड कापड टाका, मग हातोडा. तुटलेल्या जागी साखरेसारखे दाणे चमकले तर भट्टीत जास्त तापलं, राखाडी मखमलीसारखं दिसलं तर बरोबर. लोहचुंबक चिकटायचं साधारण 770 डिग्रीला थांबतं, त्याच्या थोडंसं वर गेलं की बस. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात भरदुपारी अंगणात तापवू नका भाऊ, त्या उन्हात लालीचा अंदाजच येत नाही, अंधार पडल्यावर करा. खऱ्या पात्याला नंतर 200 डिग्रीच्या आसपास दोन-दोन तास, दोनदा टेंपर. ते तुटके तुकडे खिशात ठेवा, दुसरा कारागीर भेटला की तेच काढून दाखवा. माझं बोलणं लोकांनी ऐकायला सुरुवात केली ती त्या तुकड्यांमुळे, फोटोंमुळे नाही.

स्टील माहीत नसेल तर "पाट्याचं आहे, ग्रेड माहीत नाही" असं सरळ सांगा. ॲसिडनं नुसती नक्षी काढून दमास्कस (थरांवर थर जोडून बनवलेलं नक्षीचं स्टील) म्हणाल तर एकदाच म्हणाल, बनवणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं.

मोजमाप हवं असेल तर अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची जर्नीमनची (उस्तादाच्या खालच्या पायरीची) परीक्षा घरी करून बघा, ही संस्था 1976 ची आहे. एकच पातं घ्यायचं, त्यानं मोकळा लटकणारा एक इंची दोर एका घावात तोडायचा, लाकडाची दोन-बाय-चारची फळी दोनदा तोडायची, त्यानंतरही त्याच धारेनं हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी व्हाइसमध्ये 90 डिग्री वाकवायचं. त्यांच्याकडे पातं 10 इंचापर्यंत चालतं, पण आपल्याकडे 9 इंचाहून लांब किंवा 2 इंचाहून रुंद पातं घरकाम-शेतीकामाचं नसेल तर आर्म्स ॲक्टमध्ये येतं, म्हणून 8 इंचावरच करा. माझं पहिलं 40 डिग्रीलाच टणकन् गेलं. दुसरं वाकलं, तडा गेला नाही. ते तसंच वाकडं खिळ्याला टांगलंय, शॉपवर कोणी बनवणारा आला की आधी तेच काढून बघतो.