मुंबईत काम अडलं की आधी त्या गोष्टीचा मालक शोधा

खड्डा दिसला की बीएमसीला शिव्या घालायच्या आणि पुढे जायचं, मीपण वर्षानुवर्षं तेच करायचो. मग एकदा आमच्या गेटसमोरचा दिवा बंद पडला. तीन आठवडे मी चकरा मारल्या, एका ऑफिसात म्हणाले खांब आमचा नाही, दुसऱ्यात म्हणाले खांब आमचा पण केबल त्यांनी तोडलीय, तिसऱ्यात साहेब जेवायला गेलेले ते गेलेलेच. शेवटी खाली टपरीवर चहा पीत उभ्या असलेल्या लाइनमनने विचारलं, खांबावरचा नंबर बघितला का? खांबावर डोक्याच्या उंचीवर रंगवलेला नंबर होता आणि मी रोज त्याच्या बाजूने जायचो. तो नंबर सांगून तक्रार केली, दोन दिवसांत दिवा लागला.

तर मुद्दा हा की या शहराला एक मालक नाहीये, प्रत्येक वस्तूचा मालक वेगळा आहे, आणि तो सापडला की अर्धं काम झालं समजा.

पहिलं म्हणजे तुम्ही नक्की कुठल्या पालिकेत राहता ते बघा. हसू नका, दहिसर चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदर आणि मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणे, तिथे बीएमसीचा तक्रारीचा नंबर १९१६ लावून काही उपयोग नाही. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. शिवाय अंबरनाथ, बदलापूरसारख्या नगरपालिका आणि मधली गावं, तिथे ग्रामपंचायत. या सगळ्यांच्या डोक्यावर एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, १९७५ पासून, पण ती काही या पालिकांची बॉस नाही हे लक्षात ठेवा. ती प्रदेशाचा प्लॅन करते, मेट्रो आणि मोठे पूल बांधते, आणि बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या काही ठिकाणी बांधकामाची परवानगीसुद्धा तीच देते.

मुंबईत असाल तर पुढची पायरी वॉर्ड. इथे लोक गोंधळतात कारण वॉर्ड दोन प्रकारचे. नगरसेवक निवडून येतो तो प्रभाग, असे २२७ आहेत. आणि ज्या ऑफिसात कामं होतात ते प्रशासकीय वॉर्ड, ए पासून टी पर्यंत, एच वेस्ट म्हणजे वांद्रे-खार-सांताक्रूझ पश्चिम, जी नॉर्थ म्हणजे दादर-माहीम-धारावी, टी म्हणजे मुलुंड. मधली आय, जे, ओ, क्यू ही अक्षरं नाहीतच, शोधत बसू नका. वॉर्ड ऑफिसचा प्रमुख असिस्टंट कमिशनर, पण तुमचं खरं काम ज्युनियर इंजिनियरकडे, त्यामुळे आपल्या भागाचा जेई कोण हे विचारून ठेवा. आणि रस्ता मोठा असेल तर तो वॉर्डाकडे नसून मध्यवर्ती रस्ते खात्याकडे असू शकतो, हे आधीच विचारा म्हणजे चक्कर वाचेल.

महापौराला पत्र लिहिणारे खूप भेटतात. लिहा, पण १८८८ च्या कायद्यापासून अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे आहे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभा चालवतात, पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे. म्हणून तर मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर साडेतीन वर्षांहून जास्त काळ एकही नगरसेवक नव्हता तरी कचरा उचलला जात होता, फक्त विचारायला जायचं कोणाकडे हा प्रश्न होता.

आता वस्तू. पाणी मुंबईत बीएमसीचं, सात तलावांतून येतं, त्यातले विहार आणि तुळशी तेवढे शहरात, बाकीचे पार ठाणे, पालघर, नाशिकच्या बाजूला. वीज शहर भागात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण, बिलावर नाव असतंच. पोलिस आणि ट्रॅफिक पोलिस पालिकेचे नाहीत, राज्याच्या गृहखात्याचे, सिग्नल तोडणाऱ्यांची तक्रार वॉर्डात करू नका. जुनी सेस बिल्डिंग (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) असेल तर दुरुस्तीसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ, झोपडपट्टी पुनर्वसन असेल तर एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. सातबारा आणि जमिनीचं काम कलेक्टरकडे, आणि कलेक्टरही दोन आहेत, शहराचा वेगळा, उपनगराचा वेगळा.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते रस्ते आणि पूल. बाहेरून सगळं डांबर सारखंच दिसतं ना. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग वर्षानुवर्षं एमएमआरडीएकडे होते, २०२२ च्या शेवटी बीएमसीकडे आले. वांद्रे-वरळी सी लिंक एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. मेट्रोचं काम चालू असलेला रस्ता त्या काळापुरता मेट्रोवाल्यांच्या ताब्यात असतो, बॅरिकेडवर नाव आणि नंबर लिहिलेला असतो, फोटो काढून ठेवा. रेल्वेवरच्या पुलाची तर मजाच, रुळांवरचा भाग रेल्वेच्या अखत्यारीत आणि दोन्ही बाजूंचे रस्ते पालिकेचे. अंधेरीच्या गोखले पुलाचं आठवत असेल, फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली तर शेजारचा बर्फीवाला फ्लायओव्हर त्याला जुळेचना, दीड-दोन मीटरचा फरक, शेवटी जॅक लावून बर्फीवाला उचलावा लागला. दोन मालक असलेल्या वस्तूचं असंच होतं.

एवढं करूनही मालक सापडला नाही तर माझा हुकमी उपाय, आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांत होतो. अर्जात तक्रार लिहायची नाही, माहिती मागायची: अमुक ठिकाणचा रस्ता देखभालीसाठी कोणाच्या ताब्यात आहे, शेवटची दुरुस्ती कधी झाली, कंत्राटदार कोण आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्या काळात रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने नीट करायचा असतो. आणि चुकीच्या ऑफिसात दिला तरी घाबरू नका, २००५ च्या कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो अर्ज पाच दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवायचा असतो आणि तसं तुम्हाला कळवायचं असतं. म्हणजे मालक शोधायचं काम त्यांच्याच गळ्यात. ते ट्रान्सफरचं पत्र आलं की फाइलला लावा आणि त्यावर ज्या ऑफिसचं नाव असेल तिथेच पुढची तक्रार टाका, सोबत त्या पत्राची झेरॉक्स जोडून, मग "हे आमच्याकडे येत नाही" म्हणायला त्यांना जागा राहत नाही.