रेकॉर्ड प्लेअर आणायला निघण्याआधी

दुकानाची पायरी चढायच्या आधी घरातला ढीग जमिनीवर काढा. नवा टर्नटेबल घ्यावा की जुना प्लेअर, हा प्रश्न लोक यंत्रांचे फोटो बघून सोडवायला जातात. उत्तर मात्र माळ्यावरच्या पेटीत असतं. सतरंजी अंथरा, कोरडं फडकं घ्या आणि तबकड्यांचे तीन ढीग करा. बारा इंची, हातात किंचित लवचीक लागणाऱ्या, लेबलावर ३३⅓ (म्हणजे मिनिटाला किती फेरे तो आकडा) लिहिलेल्या त्या एलपी. सात इंची छोट्या, त्या बहुतेक ४५ च्या. आणि दहा इंची, जड, टिचकी मारली की कपबशीसारख्या वाजणाऱ्या त्या ७८ च्या, लाखेच्या. लवचीकपणा तपासायच्या नादात या तिसऱ्या ढिगाला वाकवू नका. एलपी वाकते, लाखेची तबकडी फुटते.

मराठी घरांत हा तिसरा ढीग अपेक्षेपेक्षा मोठा निघतो. एलपी १९४८ साली अमेरिकेत आली आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिकडे ७८ मागे पडली. आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन अजून वापरात होते आणि वीज सगळीकडे पोचली नव्हती, म्हणून साठच्या दशकातही ७८ निघत राहिल्या. बीटल्ससारख्यांची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली. तेव्हा आजोबांच्या पेटीत नाट्यपदं, भावगीतं, एखाददुसरा अभंग अशा तीसचाळीस लाखेच्या तबकड्या सापडल्या तर नवल नाही. किती आहेत, किती धड आहेत, आणि त्यातल्या खरोखर ऐकाव्याशा वाटणाऱ्या किती, हे कागदावर लिहा. हा आकडा खिशात असल्याशिवाय बाहेर पडू नका.

तिसरा ढीग रिकामा असेल तर फार विचार करू नका, नवा घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स किंवा सोनीचा एलएक्स३१० या वर्गातलं यंत्र घरच्या ऐकण्याला पुरतं. बटण दाबलं की सुईचा हात आपोआप उचलला जातो, रेकॉर्ड संपली की जागेवर परत जातो, आणि सुईचा बारीक आवाज वाढवणारा प्रीअँप आतच असतो. दोन्हींत फक्त ३३ आणि ४५ आहेत, ७८ नाही. जाहिरातीत हे कुणी ठळक छापत नाही, म्हणून इथे लिहितो. एलपी६०एक्स घरी आल्यावर प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, फिरत नाही म्हणून घाबरू नका. बेल्ट मोटरच्या पितळी दांड्यावर आपल्यालाच चढवायचा असतो. प्लॅटरला एक खिडकी असते, तिच्यातून लाल फितीने बेल्ट ओढून घ्यायचा. माझ्या एका मित्राने एवढ्यासाठी खोकं पुन्हा बांधून ठेवलं होतं.

एक मात्र नक्की टाळा. सुटकेससारखा दिसणारा, झाकण उघडलं की स्पीकरसकट वाजणारा स्वस्त प्लेअर. भेट द्यायला तो छान दिसतो, पण त्यात सहसा सिरॅमिक काड्रिज (हाताच्या टोकाचा, सुई धरणारा भाग) असतं. ते चांगल्या मॅग्नेटिक काड्रिजच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त वजनाने रेकॉर्डवर दाबतं, आणि त्याच पेटीतला स्पीकर सुईला हादरे देत राहतो. त्याच्यावर ७८ चा आकडा असतोच, आणि फसगत तिथेच होते. वेग ७८ चा, सुई एलपीची. लाखेच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई साधारण पाऊण ते एक मिलची असते (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ची तीन मिलच्या आसपास. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, धुळीत घसटत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवलीत तर ती एलपी गेली म्हणून समजा.

आता तिसरा ढीग मोठा असेल तर. नव्यातला मार्ग आहे, पण थोडा महाग: ऑडिओ-टेक्निकाच्याच एलपी१२०एक्सला तिन्ही वेग आहेत, आणि त्यावर जे व्हीएम९५ घराण्यातलं काड्रिज येतं त्याची सुई बोटांनी ओढून काढता येते. तिथे ७८ साठी वेगळी सुई मिळते, एसपी नावाची. एकच काड्रिज, दोन सुया, आणि सुई बदलली की ती ज्या वजनाने दाबते तेही बदलून घ्यायचं. जुन्यात हाच प्रश्न फार सोप्या युक्तीने सोडवलेला होता. पन्नास-साठच्या दशकातल्या बऱ्याच प्लेअरांच्या हाताच्या टोकाला एक बारीक पातं असतं, एका बाजूला एलपी, दुसऱ्या बाजूला ७८. नखाने उलटवलं की झालं. एचएमव्हीचा फिएस्टा आठवणारी मंडळी हे पातं लगेच ओळखतील. माझं स्वतःचं मत असं की जुना प्लेअर घ्यायचा तर या पात्यासाठी घ्यावा. बैठकीत शोभतो म्हणून घ्यायचा असेल तर त्याला फुलदाणीच्या किमतीत मागा.

बाजारात जाताना पिशवीत काय न्यायचं ते सांगतो. टॉर्च आणि भिंग, सुई बघायला. मोबाइलमध्ये तानपुऱ्याचं ॲप. एक ऑक्स केबल आणि छोटा बॅटरीवरचा स्पीकर. स्वतःच्या दोन रेकॉर्ड्स, एक एलपी आणि एक ७८, ओळखीच्या पण जिवापाड नसलेल्या, कारण अनोळखी सुईखाली त्यांची परीक्षा आहे. सुईचं वजन बघायला सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा मिळाला तर उत्तम. आणि चार बोटांएवढी पांढऱ्या कागदाची चिठ्ठी. ही चिठ्ठी सगळ्यात महत्त्वाची.

रेकॉर्डच्या कडेखाली चिठ्ठी अशी अडकवा की टोक बाहेर दिसेल, आणि घड्याळ लावून मोजा. ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे व्हायला हवेत. अठ्ठ्याण्णव झाले तर मेकॅनिककडे गेल्यावर बहुधा सुधारेल. नव्वद झाले तर मोटर थकली आहे किंवा तेल वाळून चिकट झालं आहे. ७८ साठी अर्ध्या मिनिटात एकोणचाळीस. दुकानदार तीन मिनिटं उभा राहायला कुरकुर करतो. चहा मागवा.

हे शहाणपण मला उशिरा आलं. पहिला प्लेअर मी बाजारात दुकानदाराच्याच रेकॉर्डवर ऐकून घेतला, कुठलं तरी सिनेमातलं गाणं होतं, मजेत वाजत होतं. घरी येऊन ख्यालाची जुनी एलपी लावली. बाई काळी चारमध्ये (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीत) गातात हे मला पाठ होतं, आणि तानपुरा काळी चारला लावून बसलो तर सगळंच बेसूर. शेवटी तानपुरा पांढरी सहाला नेला तेव्हा जुळलं. प्लेअर सहा टक्के जास्त वेगात धावत होता, म्हणजे जवळजवळ बरोबर एक अर्धस्वर. खालचं झाकण काढलं तर मोटरच्या दांड्यावर आधीच्या कुणीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. केव्हातरी मोटर हळू पडली असणार, तेव्हा दांडा जाड करून वेग वाढवला. पुढे कुणीतरी तेलपाणी केलं, मोटर सुधारली, पट्टी राहिली. पट्टी सोलून काढली, दांडा स्पिरिटने पुसला, बाई काळी चारवर आल्या. म्हणून तानपुऱ्याचं ॲप.

वेग जुळला की सुईकडे वळा, आणि इथे घाई करू नका. भिंगातून टोक बघा, आहे का, तुटलेलं आहे का, वाकलेलं आहे का. मग काड्रिजवर कंपनीचं नाव आणि नंबर शोधा, टॉर्चच्या उजेडात वाचा, आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच उभं राहून मोबाइलवर बघा की त्या नंबरची सुई आज विकत मिळते का. नसेल मिळत तर कितीही देखणा प्लेअर असो, खाली ठेवा. हिऱ्याची साधी गोल टोकाची सुई सुमारे ५०० तास चालते, जुन्या स्वस्त प्लेअरांतली नीलमण्याची त्याच्या कितीतरी आधी झिजते, आणि झिजलेली सुई दर फेऱ्याला खाच खरवडत राहते. आणखी एक बघून घ्या: खूप जुना, फक्त मोनोचा हात असेल तर त्यावर स्टिरिओ एलपी लावू नका. स्टिरिओची खाच सुईला खालीवरही हलवते, आणि मोनोची ताठ सुई तिथे हलत नाही, खोदते.

मग रबर. जुन्या प्लेअरांत मोटर आणि प्लॅटर यांच्यामध्ये रबराचं चाक असतं, आयडलर म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलं की त्याला खड्डा पडतो आणि गाण्याच्या मागे ठरावीक अंतराने धप धप ऐकू येतं. बोट फिरवा, कळतं. बेल्टचा प्लेअर असेल तर सैल बेल्ट ही किरकोळ गोष्ट, तो बदलता येतो. हाताचा सांधा डावीउजवीकडे डुगडुगत असेल तर ते किरकोळ नाही. शेवटी पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि मोटरजवळ नाक न्या. कोमट वास चालतो, जळका नाही.

मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचायला विसरू नका, आणि हे खास करून त्यांच्यासाठी ज्यांचा भाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला येतोय आणि 'तिकडून एक जुना चांगला घेऊन येतो' म्हणतोय. ११० व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो, पण जुन्या एसी मोटरचा वेग व्होल्टेजवर नव्हे तर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०. मोटरचा दांडा बदलल्याशिवाय ३३⅓ चा प्लेअर इथे पावणेअठ्ठावीसच्या आसपास फिरेल, आणि काळी चारची गायिका पांढरी चारला उतरेल. जपानचा जुना माल घेतानाही पट्टी बघा, त्यांच्याकडे अर्ध्या देशात ५० आणि अर्ध्यात ६० आहे. ॲडॉप्टरवर चालणाऱ्या नव्या यंत्रांना ही अडचण नाही.

कर्ण्याच्या ग्रामोफोनबद्दल एवढंच. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर पितळी कर्णे चकाकताना दिसतील. त्यातले बरेच अलीकडे जोडून बनवलेले असतात, नवी पेटी, नवा कर्णा, कुठल्या तरी पोर्टेबलची मोटर. खराखुरा मिळाला तरी त्याच्यावर फक्त ७८ लावायच्या, आणि पोलादी सुई दर बाजूला नवी, म्हणजे शंभर सुयांची डबी पन्नास तबकड्यांत संपते. एलपी त्याच्याजवळही नेऊ नका.

घरी जोडणीची तयारी आधीच करून ठेवा. मॅग्नेटिक काड्रिजचा आवाज काही मिलिव्होल्टचा असतो, त्याला अँप्लिफायरचं फोनोचं भोक किंवा वेगळा प्रीअँप लागतो. नव्या यंत्रात मागे फोनो-लाइन असा खटका असतो. अँप्लिफायरला फोनो असेल तर फोनोवर, साधा स्पीकर असेल तर लाइनवर. दोन्ही प्रीअँप एकावर एक लागले तर आवाज फाटतो आणि लोक स्पीकरला दोष देतात. जुन्या सिरॅमिक काड्रिजचा आवाज मुळातच मोठा असतो, तो थेट ऑक्सला चालतो. घूंऽऽ असा आवाज आला तर ग्राउंडची बारीक वायर मोकळी लोंबकळतेय का ते बघा. टेबल जड हवं, आणि स्पीकर त्याच टेबलावर नकोत. गवंड्याची लेव्हल शेजारी मिळाली तर आणून प्लॅटरवर ठेवा.

साफसफाईचं सामान एकाच वेळी आणून ठेवा, पण दोन वेगळ्या डब्यांत. एलपीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीच नाही. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, तेच आजोबांच्या तबकडीचं होईल. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, म्हणून भिंतीला टेकवून नव्हे तर कपाटात, उभ्या, एकमेकींना घट्ट न दाबता ठेवा. आडव्या चळतीत खालची एलपी हळूहळू बशी होते.

मेकॅनिकचा नंबर प्लेअरच्या आधी शोधा. जुना घेणार असाल तर ही अट आहे, सल्ला नाही. रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा, आयडलरचं रबर तासून किंवा बदलून देणारा माणूस अर्ध्या तासाच्या अंतरावर नसेल तर नव्याकडे वळा, आणि लाखेच्या तबकड्या तूर्त कागदात गुंडाळून ठेवा. त्या आणखी दोन वर्षं थांबल्या तर बिघडणार नाहीत.

प्लेअर घरी आला, पहिली बाजू नीट वाजली, की काड्रिजचा आणि सुईचा नंबर चिठ्ठीवर लिहा, तारीख घाला, आणि ती चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.