सिंगल फेजवर थ्री फेज मशीन चालवण्याआधी

ड्राइव्ह म्हणजे सिंगल फेजवरून मोटरसाठी थ्री फेज बनवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. तो आणि मोटर यांच्या मध्ये काहीही नको. स्विच नको, कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) नको, ओव्हरलोड रिलेचे कॉन्टॅक्टसुद्धा नकोत. बाकीची तयारी पुढे सांगतोच, पण हे वाक्य आधी मशीनच्या झाकणावर खडूने लिहून ठेवा. मी लिहिलं नव्हतं, म्हणून माझा एक ड्राइव्ह गेला.

झालं असं की लेथच्या मागे जिथे पूर्वी थ्री फेजची केबल यायची, तिथेच मी ड्राइव्हचे तीन फेज जोडून दिले. ड्राइव्ह थ्री फेजच देतो ना, मग झालं की. लेथचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच तसाच ठेवला. आठवडाभर चाललंही. एके दिवशी आटे पाडताना सवयीने दांडी फॉरवर्डवरून सरळ रिव्हर्सला मारली. फट्ट आवाज, जळका वास, आणि ड्राइव्ह कायमचा गप्प. चालत्या मोटरची तार मध्येच तोडली की वाइंडिंगमधल्या करंटला वाट उरत नाही, कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि व्होल्टेजचे तडाखे बसतात. तीच मोटर परत एकदम जोडली की ती क्षणभर सहा-सात पट करंट ओढते. थेट लाइन ते सोसते. ड्राइव्हचे ट्रान्झिस्टर साधारण दीडपट करंट मिनिटभर सोसतात, त्यापुढे नाही.

आता सुरुवातीपासून. ड्राइव्हच घ्यायचा का, हे आधी ठरवा. एक-दोन लहान मशीन असतील तर ड्राइव्हच. चार-पाच मशीन असतील, त्यांचे आतले स्विच-रिले तसेच ठेवायचे असतील, तर रोटरी कन्व्हर्टर बरा: एक मोठी थ्री फेज मोटर सिंगल फेजवर मोकळी फिरवत ठेवायची आणि तिसरा फेज तिच्यातून घ्यायचा. ती मोटर सगळ्यात मोठ्या मशीनच्या मोटरपेक्षा निदान दीडपट हवी, आणि कॉन्टॅक्टरची कॉइल त्या बनवलेल्या फेजवर कधी टाकू नका. लोड बदलला की तिथलं व्होल्टेज हलतं. नुसता कपॅसिटर लावूनही मोटर फिरते. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झला किलोवॉटमागे सुमारे 70 मायक्रोफॅरड धरतात. पण ताकद दोन-तृतीयांशावर येते आणि सुरू होताना मोटर रडते. ग्राइंडरला चालेल, लेथला नको.

मग नेमप्लेट. चिंधीने पुसा, बॅटरी लावून वाचा. पाठीवर हात ठेवून ‘तीन एचपीची असेल’ असं म्हणू नका. सिंगल फेज 230 व्होल्टचा साधा ड्राइव्ह थ्री फेज देतो तेही 230 व्होल्टचंच, 400 किंवा 415 नाही. नेमप्लेटवर 230/400, डेल्टा/स्टार (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) असं असेल तर नशीब चांगलं: टर्मिनल बॉक्स उघडा, सहा टर्मिनल दिसतील, आडव्या बसवलेल्या पट्ट्या काढून उभ्या लावा, म्हणजे स्टारची डेल्टा झाली. पट्ट्या बदलायला विसरलात तर मोटर फिरते, गोड आवाजही करते, म्हणून फसायला होतं. पण व्होल्टेज कमी पडतं, टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. पहिल्या खोल कटला ती थांबते आणि तापते. बॉक्समध्ये तीनच तारा असतील तर स्टारचा सांधा बहुधा वाइंडिंगच्या आत पुरलेला असतो. तो उकरून सहा टोकं बाहेर काढणं हे रिवाइंडिंगवाल्याचं काम, घाईत आपण करायचं नाही. आणि डेल्टातच 400 किंवा 415 लिहिलं असेल तर पट्ट्यांनी काही होणार नाही. मोटर तरी बदला, नाहीतर आधी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आणि त्यापुढे 400 व्होल्टचा ड्राइव्ह.

ड्राइव्हचं माप एचपीवरून घेऊ नका, मोटरच्या अँपिअरवरून घ्या; आणि डेल्टाचे अँपिअर, ते स्टारच्या पावणेदोन पट असतात. सिंगल फेज इनपुटचे ड्राइव्ह साधारण 2.2 किलोवॉटपर्यंत सहज मिळतात. त्यापुढे थ्री फेज इनपुटचाच ड्राइव्ह सिंगल फेजवर चालवायचा असेल तर दुप्पट मापाचा घ्या, कारण सगळा भार रेक्टिफायरच्या (एसीची डीसी करणाऱ्या भागाच्या) कमी डायोडवर आणि कपॅसिटरवर येतो. इनपुट फेज गेल्याची सूचना बंद करता येते का, तेही मॅन्युअलमध्ये बघून घ्या. 2.2 किलोवॉटची मोटर पूर्ण लोडवर सिंगल फेजकडून 20 ते 24 अँपिअर मागते. जुन्या सॉकेटमधून हे करू नका. वेगळी लाइन, वेगळा एमसीबी. आर्थिंग. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर ड्राइव्हच्या फिल्टरमधल्या गळतीने तो उगाच पडू शकतो. कोणत्या प्रकारचा लावायचा ते मॅन्युअल सांगतं. काहीही करा, आर्थिंग मात्र काढू नका.

आता मशीन उघडा आणि माझी चूक शोधा. मोटरच्या तीन तारा बोटाने धरून मागे मागे जा. वाटेत जे जे लागेल ते बाद: ड्रम स्विच, कॉन्टॅक्टर, स्टार-डेल्टा स्टार्टर, दोन स्पीडची मोटर असेल तर तो स्पीडचा स्विचही. एक स्पीड निवडा आणि कायमचा जोडून टाका. ड्राइव्हपासून मोटरच्या टर्मिनलपर्यंत एकच अखंड शील्डेड केबल. मध्ये काहीही नको. जुनी दांडी फेकू नका, ती ड्राइव्हच्या सिग्नल टर्मिनलला जोडा, म्हणजे हाताची सवय तीच राहते आणि रिव्हर्स मारलं तरी ड्राइव्ह आधी मोटर थांबवून मगच उलटी फिरवतो. मात्र त्या जुन्या कॉन्टॅक्टवर तेल-काजळी असते आणि सिग्नल असतो जेमतेम 24 व्होल्टचा. घासून घ्या, नाहीतर छोटा नवा स्विच बसवा.

कूलंट पंप, मशीनवरचा दिवा, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, विजेवरचा ब्रेक: यातलं काहीही ड्राइव्हच्या आउटपुटवर नको. तिथे सरळ साइन वेव्ह नसते, तुकडे केलेलं व्होल्टेज असतं. त्यांना सिंगल फेज लाइनवर घ्या. पंपाची मोटर थ्री फेज असेल तर तिला वेगळा छोटा ड्राइव्ह द्या किंवा पंपच सिंगल फेजचा बसवा.

अजून एक भीतीदायक गोष्ट. दांडी फॉरवर्डला असताना वीज गेली आणि परत आली, तर काही ड्राइव्ह मोटर आपोआप सुरू करतात, आणि तेव्हा तुमचा हात चकमध्ये, म्हणजे जॉब धरणाऱ्या जबड्यात असेल. वीज आल्यावर आपोआप सुरू न होण्याचं सेटिंग शोधा, नाहीतर स्टार्ट-स्टॉपची वेगळी बटणं लावा. इमर्जन्सी स्टॉप दांडीवर अवलंबून ठेवू नका. आट्यांवर बसणारा चक असेल तर ब्रेकिंग आणि रिव्हर्स हळू ठेवा. झटक्यात थांबवलं की चक सुटून बाहेर येतो.

ड्राइव्ह लोखंडी डब्यात, किसापासून लांब, पण हवा खेळती. मोटर जुनी असेल तर 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन बघा, आणि त्या वेळी ड्राइव्ह सोडवलेला असू द्या.

सेटिंगमध्ये मोटरचे अँपिअर, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, आरपीएम भरा. सुरू व्हायला आणि थांबायला पाच-पाच सेकंद द्या. थांबताना ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप झाला तर वेळ वाढवा किंवा ब्रेक रेझिस्टर लावा. 20-25 हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नका, मोटरचा पंखाही तेवढाच मंदावतो. गिअर-पट्टे काढून टाकू नका, कमी आरपीएमला ताकद तिथूनच मिळते.

लाइन ड्राइव्हच्या यू-व्ही-डब्ल्यूला, म्हणजे मोटरकडच्या आउटपुट टर्मिनलला, चुकूनही नाही. पहिली फेरी पट्टा काढून, नुसती मोटर. उलटी फिरली तर दोन तारा अदलाबदल करा, पण बंद करून दहा मिनिटं थांबून, कारण बंद केल्यावरही काही वेळ आत कपॅसिटरवर 325 व्होल्टपर्यंत शिल्लक असतं. आणि झाकण लावण्याआधी त्या तीन तारांवरून पुन्हा एकदा बोट फिरवा.