कलगुर्ली ते न्यूमन: बॅग भरायच्या आधी

भाचा सुट्टीवर खानापूरला आलाय. परत पश्चिम ऑस्ट्रेलियात जाऊन कलगुर्लीच्या सोन्याच्या खाणीवरचं सामान आवरायचं आणि तिथून तिकडच्याच न्यूमनला, लोखंडाच्या खाणीवर रुजू व्हायचं. "मामा, दीड तासाचं तर विमान," म्हणाला. म्हणून ही यादी.

आधी अंतर. पट्टी लावून मोजलंस तर साधारण ८४० किलोमीटर, आणि फोन त्यालाच भागून दीड तास दाखवतो. अरे, बेळगावहून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण विमानानंच जाईन म्हटलास तर सांबऱ्याच्या विमानतळावरून आधी बेंगळुरू गाठावं लागेल की. तिकडंही तसंच, खाणगावांची विमानं पर्थला येऊन मिळतात. कलगुर्ली–पर्थ तासभर, पर्थ–न्यूमन पावणेदोन तासांच्या आसपास, वर मधलं थांबणं. अख्खा दिवस धर. कंपनीचं चार्टर विमान मिळणार असेल तर गोष्ट वेगळी, ते आधीच विचारून घे.

दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढ. मी पहिल्यांदा दोन वेगळी काढली, मधे पन्नास मिनिटं ठेवली आणि पर्थला दुसरं विमान डोळ्यादेखत गेलं. तिथली टर्मिनलं धावपट्टीच्या दोन बाजूंना आहेत. ये-जा करायला फुकट बस असते, पण तिची वाट बघण्यातही वेळ जातो. नोव्हेंबर ते एप्रिल वरच्या किनाऱ्याला चक्रीवादळांचा हंगाम, तेव्हा रुजू व्हायच्या आदल्या दिवशीच पोचलेलं बरं.

गाडीनं जायचं मनातही आणू नकोस. रस्ता हजाराच्या वर जातो. वाटेतलं मीकाथारा गाव ते न्यूमन चारशेवर किलोमीटर, मधे पेट्रोलला कुमारिनाचं रोडहाऊस. समोरून पन्नास मीटर लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे मागं तीन-चार डबे जोडलेले ट्रक, येतात आणि अंधार पडला की कांगारू आडवे. आपल्या चोर्ला घाटातली वळणं परवडली.

आता बॅग. सेफ्टी बूट आणि हाय-व्हिज (लांबून दिसणारा भडक) शर्ट हातातल्या बॅगेत ठेव, मोठी बॅग मागं राहिली तरी कामाची पाळी चुकणार नाही. कलगुर्लीत हिवाळ्याच्या पहाटे स्वेटर लागतो, न्यूमनला जानेवारीत पारा चाळिशीला टेकतो. दोन्हीचे कपडे घे, पण जड काही नको. खोकल्याच्या औषधात कोडीन (अफूच्या जातीचं औषध) असेल तर डॉक्टरची चिठ्ठी हवीच, पाळीवर जायच्या आधी दारू आणि ड्रगची तपासणी होते.

अक्का कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, बांधून देणार, हे मला माहीत आहे. विमानातल्या कार्डावर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहावी लागते, आणि दुधाचा माल तिथं काढून घेतात. न सांगता नेलास तर दंड. कुंदा सांबऱ्याला निघायच्या आधीच खा. सीलबंद मसाला ने आणि तोही लिही. कढीपत्ता नको, पान दिसलं की तपासणारे बॅग उपसतात.

अक्काला एवढं सांग: तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, कलगुर्ली आणि न्यूमनचं एकच. ती रात्री साडेआठला जेवण आटपून फोन लावेल तेव्हा तुझे अकरा वाजलेले असतील आणि पहाटे पाळी असेल. संध्याकाळी सहाच्या आत लाव म्हणावं, आणि लागला नाही तर मला.