सिंटरमधला ‘एसएफसीए’ मोजताना या चुका टाळा

सिंटरच्या (लोहखनिजाची बारीक पूड तापवून चिकटवलेल्या ढेकळांच्या) अहवालात ‘एसएफसीए’ असा एकच रकाना दिसला की समजावं, घोळ तिथूनच सुरू झालाय. कॅल्शियम-ॲल्युमिनियमचा हा सिलिको-फेराइट म्हणजे एक खनिज नाही, अख्खं कुटुंब आहे. रचनेत दोन प्रकारचे थर असतात, त्यांना स्पिनेल आणि पायरॉक्सीन या खनिजांची नावं आहेत: स्पिनेलचा (6 धातू-आयन, 8 ऑक्सिजन) आणि पायरॉक्सीनचा (8 धातू-आयन, 12 ऑक्सिजन). एकास एक रचले की एसएफसीए, म्हणजे 14 धातू-आयनांना 20 ऑक्सिजन. एका पायरॉक्सीन थरामागे दोन स्पिनेल आले की एसएफसीए-1, म्हणजे 20 ला 28. हे दोन्ही क्रम आलटून पालटून आले की एसएफसीए-2, 34 ला 48. तिन्ही ट्रायक्लिनिकच (कोषाच्या बाजू असमान, कोन तिरके), पण एसएफसीएचा एकक कोष, म्हणजे रचनेचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, सुमारे 780 घन अँगस्ट्रॉमचा आणि एसएफसीए-1 चा सुमारे 1115 चा. त्यामुळे ‘सिलिका कमी असलेला एसएफसीए’ म्हणून एसएफसीए-1 खपवता येत नाही.

नुसत्या आकारावरून नाव देणं

सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखा दिसला तर एसएफसीए-1, खांबासारखा दिसला तर एसएफसीए, हा नियम सोयीचा आहे, पण भरवशाचा नाही. आकार थंड होण्याच्या वेगावर आणि वितळलेल्या भागाच्या प्रमाणावरही ठरतो. शिवाय दिसणारी सुई बरेचदा पातळ पापुद्र्याचा आडवा छेद असतो.

चुन्याच्या आकड्यावर विसंबणं

कॅल्शियम ऑक्साइड एसएफसीएत साधारण 13 ते 16 टक्के आणि एसएफसीए-1 मध्ये 13 च्या आसपास, म्हणजे तो इथे कामाचाच नाही. फरक सांगतात लोह आणि सिलिका. एसएफसीए-1 मध्ये फेरिक (तीन धन भाराच्या) लोहाचं ऑक्साइड सुमारे 84 टक्के आणि सिलिका जेमतेम 1. एसएफसीएत 60 ते 76 आणि 3 ते 10. मात्र पापुद्रे इतके पातळ असतात, की विश्लेषणाचा इलेक्ट्रॉन-किरण शेजारच्या काचेतली (स्फटिक न होता गोठलेल्या भागातली) सिलिकाही मोजतो. जाड दाण्याच्या मध्यावर बिंदू घ्यावा. बिंदूगणिक सिलिका उड्या मारत असेल तर तो आकडा टाकून द्यावा.

फेरस (दोन धन भाराचं) लोह या किरणाने थेट मोजता येत नसलं तरी हिशोबाने निघतं. एसएफसीए-1 मध्ये 28 ऑक्सिजनमागे (प्रत्येकी ऋण भार 2) धन भार 56 हवा. कॅल्शियम 3.18, ॲल्युमिनियम 1.34, लोह 15.48 असताना सगळं लोह फेरिक धरलं (कॅल्शियमचा भार 2, बाकी दोघांचा 3) तर बेरीज 56.82 येते. वरचा 0.82 म्हणजेच फेरस लोह. हीच बेरीज 56 च्या खाली आली, तर विश्लेषण तरी चुकलंय किंवा खनिज तरी दुसरंच आहे.

तांब्याची नळी

क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकांवरून वळलेल्या क्ष-किरणांच्या रेषांवरून खनिज ओळखण्यात) सगळ्यात जास्त नुकसान क्ष-किरणांच्या नळीच्या निवडीत होतं. तांब्याचा किरण (8.05 केईव्ही) लोहाच्या शोषण-कडेच्या (7.11, जिच्या वर लोह किरण जोरात शोषतं) वर असतो, लोह स्वतःचे क्ष-किरण सोडून चमकतं, पार्श्वभूमी चढते आणि बारीक रेषा बुडतात. कोबाल्टचा 6.93 चा किरण त्या कडेखाली राहतो. कोबाल्टची नळी नसेल तर निदान मोनोक्रोमेटर (एकाच ऊर्जेचे किरण पुढे सोडणारा स्फटिक) तरी लावावा. मोनोक्रोमेटरने चमक कमी होते, शोषणातला फरक मात्र तसाच राहतो: तांब्यावर हेमटाइट (लोहाचं ऑक्साइड) कोरंडमच्या (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) कितीतरी पट जास्त शोषतो, तर कोबाल्टवर दोघं जवळपास सारखे. म्हणून कोरंडम आंतरिक मानक (ठरावीक वजनाने नमुन्यात मिसळलेला संदर्भ) म्हणून वापरायचा तर कोबाल्टवरच.

हे मानक हवंच. रिटव्हेल्ड पद्धत (गणिताने सगळा आलेख जुळवून प्रमाण काढणारी) स्फटिकांचीच बेरीज 100 करते. काच त्यात मोजलीच जात नाही, आणि एसएफसीए फुगून दिसतो. वजन करून 10 ते 20 टक्के कोरंडम मिसळला की काच किती ते कळतं.

मोजणी 20 अंशांपासून सुरू करू नये. 2.5 अँगस्ट्रॉमजवळ मॅग्नेटाइट (लोहाचं दुसरं ऑक्साइड), हेमटाइट आणि सगळे फेराइट यांच्या रेषा एकावर एक चढतात. फरक दाखवणाऱ्या रेषा कमी कोनांवर असतात. 5 अंशांपासून, सावकाश मोजावं.

पूड 10 मायक्रॉनच्या आत आणावी, पण पाण्यात दळू नये: सिंटरमधलं डायकॅल्शियम सिलिकेट पाण्याशी अभिक्रिया करतं आणि त्याच्या रेषा दुबळ्या होतात. इथेनॉल वापरावं.

जुळणी तरीही बसत नसेल तर रचना-फाइल (जुळणीसाठी वापरलेली खनिजाच्या रचनेची माहिती) तपासावी. ट्रायक्लिनिक कोष वेगवेगळ्या अक्षांवर मांडता येतो. एकाच खनिजाच्या दोन मांडण्या दोन खनिजं वाटतात. दोन्ही निग्ली कोषात (ठरलेल्या नियमाने निवडलेल्या प्रमाण कोषात) आणून मगच तुलना करावी.